कोपऱ्यापर्यंत

वाटीच्या काठाशी दह्याला भेग पडली होती आणि त्या भेगेत पाणी साचत होते — निवळ, हिरवट पाणी — आणि वाटी हातात धरून उकिडवा बसलेल्या लोटनला वाटले, दही तर चांगले लागले आहे, कालच्यापेक्षा घट्ट, विरजणही नवे, मग ही तोंड का फिरवते?

सरकीने तोंड फिरवले होते. नुसते फिरवले नव्हते, तर मान पार मागे नेऊन नाक भिंतीला टेकवले होते, एखादी पोर रुसून कोपऱ्यात तोंड घालते तसे. कुत्रीचे मागचे पाय थरथरत होते. थंडी म्हणावी तर ऊन दारातून आत येऊन तिच्या पाठीवर पडले होते. लोटनने वाटी आणखी पुढे केली. ती आणखी भिंतीत शिरली. मग तिच्या घशातून तो आवाज निघू लागला — अजून रडणे नव्हे, रडण्याच्या आधीचा, जात्याचा पहिला फेरा ओढताना दगड दगडावर घासतो तसा — आणि लोटनने घाबरून मधल्या भिंतीकडे पाहिले. पलीकडे हिलालचे घर. भिंत मातीची, दोघांत एकच. इकडे ठसका लागला तर तिकडून कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन यावे, अशी.

"चूप," तो हलकेच म्हणाला. "चूप बाई. आठेच शे ना मी."

आणि मग त्याच्या ध्यानात आले की आपण खरेच इथेच आहोत. कुठे जाणारही नाही. आज कापसाचे जिन बंद होते. बॉयलर धुवायचा म्हणून मुकादमाने सगळ्यांना सुट्टी सांगितली होती. सकाळचा भोंगा झाला नव्हता, खांद्यावर पंचा टाकलेला नव्हता, चपला अजून ओट्याखालीच होत्या. सवयीने उठलो, सवयीने शिंक्यावरचे गाडगे उतरवले, सवयीने वाटीत दही घेतले... मग हिला कसे कळले, मी जाणार म्हणून? मी तर जाणारच नाही.

काल दिवेलागणीला हिलाल दारात येऊन उभा राहिला होता. एरवी सरळ चुलीपर्यंत येऊन बसणारा माणूस, काल उंबऱ्याबाहेरच थांबला, तेव्हाच लोटनला कळायला हवे होते.

"आबा, तुमले मी कधी उलटं बोलस का?"

"नही रे."

"मंग आज बोलस. मनी पोर पोटुशी शे. पहिलं बाळ तिनं पोटमाच गयं, तुमले ठाऊक शे. आनि तुमनं कुत्रं भर दुपारले तोंड वर करीसन रडस. रोज. पोर कानमा बोटं घालीसन बसस."

"मुकं जनावर शे, हिलाल. त्याले काय समजस?"

"त्याले नही समजस, मनी बायकोले समजस." हिलाल जरासा हसला, पण लगेच आवरला. "उद्या तुम्ही घर शेतस. काय करनं ते करी ल्या. परवा तुम्ही जिनमा गयात आनि ते रडनं, ते मी भाकरमा कुचला घालसू. मंग माले नावं ठेवू नका."

हिलाल वाईट माणूस नव्हता. कुचल्याच्या विषारी बिया त्याच्या घरात कुठल्या कोनाड्यात असतात हेही लोटनला माहीत होते, कारण मागे गल्लीत पिसाळलेले कुत्रे शिरले तेव्हा दोघांनी मिळूनच त्या कुटल्या होत्या, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत, आणि मग राखेने हात घासले होते. त्या कुत्र्याचे पाय शेवटी कसे ताठ झाले... लोटनने सरकीच्या पायांवरून नजर काढून घेतली.

सरकी अभिमनची. लोटनचा मुलगा अभिमन त्याच जिनात होता तेव्हा त्याला ती सरकीच्या ढिगात सापडली होती — ढिगाला हात घातला तर एक मूठ सरकी हलली, असे तो सांगायचा. रंग तोच, मातकट, वर पांढरट लव. त्याने सदऱ्यात घालून घरी आणली आणि नाव शोधायचीही तसदी घेतली नाही. आता अभिमन पलटणीत होता. कुठल्या मुलखात, हे दोंडाईच्यात कुणाला ठाऊक नव्हते. बोटीवर चढवले, एवढे एका रजेवर आलेल्या शिपायाने स्टेशनवर सांगितले, त्यालाही वर्ष होत आले. लढाई कधी संपेल हे जिनाच्या मालकालाही माहीत नव्हते, आणि त्याच्याकडे तर वर्तमानपत्र येत होते.

आणि लोटनचे कान गेले होते. पार गेले नव्हते, पण बारीक आवाज त्यांत शिरत नव्हता. जिनाच्या घरघराटात इतकी वर्षे काढली की कानात कापूस बसतो, असे तिथले सगळेच म्हणत. अभिमन उद्या गल्लीत आला तर त्याचे पाऊल ओळखणार कोण? मी नाही ओळखणार. तो उंबऱ्यात उभा राहील तेव्हा मला कळेल. सरकीला मात्र तो स्टेशनच्या रस्त्याला असतानाच कळेल, आणि तिच्यावरून मला... हे सगळे हिलालला कसे सांगायचे? कुत्रे माझे कान आहे, असे सांगायचे? तो म्हणेल, आबा, मग दुसरे कुत्रे पाळा.

त्याने वाटी खाली ठेवली. उठून ती फळीवर नेऊन ठेवली. मागे वळून पाहिले तर सरकीने भिंतीपासून नाक काढले होते.

त्याने वाटी पुन्हा काढली. वाटीचा काठ फळीला घासला — त्याला ऐकू नाही आले, बोटांना कळले — आणि सरकीचे पाय पुन्हा थरथरू लागले.

ठेवली. थरथर थांबली.

काढली.

लोटन वाटी हातात घेऊन चुलीशी उभा राहिला. म्हणजे भोंगा नव्हे? पंचा नव्हे, चपला नव्हेत? दही?

दही हा त्याच्या बायकोचा, ताईबाईचा रिवाज. घरातला माणूस गावाला निघाला की ती त्याच्या तळहातावर दही घालायची. खाऊन निघाले की माणूस धड जातो आणि धड परत येतो. ती होती तोवर दही कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे तिला माहीत होते. ती गेली आणि दह्याचे गाडगे लोटनच्या हातात आले, आणि पुरुषाच्या हातात बायकांचा रिवाज आला की त्याला माप राहत नाही. त्याने अभिमनला रोज दही द्यायला सुरुवात केली. जिनात निघाला, दही. बाजारात निघाला, दही. अभिमन पहिल्यांदा तर पोट धरून हसला होता.

"आबा, दही लांब जानाराले देतस! जिननं धुराडं आपला ओटावरथून दिसस."

"दिसस म्हनीसन का जवळ शे?" लोटन म्हणाला होता. त्याला काय म्हणायचे होते हे त्यालाही तेव्हा नीट कळले नव्हते. ताईबाई अंगणात पाणी शिंपायला म्हणून गेली होती आणि तिथेच बसली ती पुन्हा उठली नव्हती, आणि अंगण तर ओट्याला लागूनच होते.

मग अभिमन गेला आणि सरकी रडू लागली. लोटन जिनात जायला निघाला की ती दारापर्यंत येऊन गरागरा फिरायची, आणि तो गल्लीतून दिसेनासा झाला की तोंड वर करायची. त्याने तिला जिनाच्या फाटकापर्यंत नेऊन पाहिले. कापसाच्या गाड्यांचे बैल बुजले आणि मुकादम म्हणाला, एकतर कुत्रे तरी आण नाहीतर तू तरी ये. बांधून ठेवली तर दाव्याने गळा सोलून घेतला. कोंडली तर दाराची फळी कुरतडली, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. तेव्हा त्याला दही सुचले. दही जाणाऱ्याला देतात, मागे राहणाऱ्याला नाही, हे त्याला ठाऊक होते. पण इथे जाणारा तो स्वतःच होता, आणि आपल्या हातावर आपणच दही कोण घालून घेतो? म्हणून त्याने एक बोट आपण चाटले आणि उरलेली वाटी तिच्यापुढे ठेवली. मी परत येणार आहे, असे तिला कळावे म्हणून. पहिले काही दिवस तिने वाटी चाटूनपुसून साफ केली. मग अर्धी ठेवू लागली. मग हुंगून सोडू लागली. लोटनला वाटले, दही आंबले. त्याने हिलालची बायको सुंदरबाई हिच्याकडून नवे विरजण मागून आणले. आणि आज ती भिंतीत शिरत होती.

परत येण्याची खूण म्हणून जे दिले ते तिने जाण्याची खूण म्हणून घेतले. एवढेच. कुत्रे ते, त्याला ताईबाईचा रिवाज कुणी सांगितला होता?

आंबट लागस, आबा.

हे कुणी म्हटले? लोटनने मागे पाहिले. घरात कुणी नव्हते. अभिमन म्हणायचा. शेवटच्या शेवटच्या दिवसांत, तळहात पुढे करायचा पण तोंड दुसरीकडे असायचे, आणि म्हणायचा, आंबट लागस, आबा. आणि दही आंबट नसायचे. मी चाखून बघत होतो, गोड असायचे... लोटनने वाटीतले दही गाडग्यात परत ओतले, गाडगे शिंक्यावर चढवले आणि हात धोतराला पुसले. दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरल्या की त्याला घेरी येई. आधी कुत्र्याचे पाहू.

मग तो दही न देता बाहेर पडला. "येतो" असे काही न बोलता. हे त्याला फार जड गेले. उंबऱ्यावर पाय ठेवला तरी ओठ हलत होते, आणि न बोलता या घरातून आजवर फक्त ताईबाई गेली होती, चौघांच्या खांद्यावर. तो ओट्यापर्यंत गेला आणि परत आला. सरकी चकित होऊन बघत राहिली. तो पुन्हा ओट्यापर्यंत गेला, ओट्यावर बसला, परत आला. मग अंगणाच्या पुढे कडुनिंबापर्यंत. तिथून वळताच ती रडली आणि तो धावत परत आला. आला म्हणून ती त्याच्या पोटरीला लटकली, आणि पुढच्या खेपेला तो निंबापर्यंत पोचायच्या आधीच रडली. हे असे तीन-चारदा झाले.

"आबा!" पलीकडच्या ओट्यावर सुंदरबाई डाळ पाखडत बसली होती. "काय चाली राह्यनं हाई? सकाळपशी आत-बाहेर, आत-बाहेर! घर सापडी नही राह्यनं का?"

"सापडस ना," लोटन म्हणाला.

"मंग जाई बसा एकदाना आत. माले गरगराले लागनं तुमले देखी देखीसन."

तिच्या मागे दाराच्या चौकटीला धरून प्रमिला उभी होती. पोट पुढे, एक हात कमरेवर. माहेरी आल्यापासून ती अशी दारातच उभी असायची, ना आत ना बाहेर. आईचे बोलणे ऐकून ती हसली. लोटनने तिला इतक्या दिवसांत हसताना पाहिले नव्हते, आणि त्याला उगाच वाटले की हिला हसवण्यासाठी अजून दोन खेपा मारायला हरकत नाही.

पुढच्या खेपेला निंबाशी त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. सरकीचे रडणे सुरू झालेच होते, पण एका पायात चप्पल घालून धावणार कसा? तो खाली बसला, खिळा सापडेना, दगडाने ठोकता ठोकता त्याचे ध्यान चपलेत गेले. आणि मान वर केली तेव्हा त्याला काही ऐकू येत नव्हते. कान गेले की काय, असे त्याला आधी वाटले. मग त्याने ओट्याकडे पाहिले, तर प्रमिला हात हलवत होती.

"रडी नही राह्यनी, आबा! आपले आपण गप बसनी!"

तो परत आला. सरकी पोटरीला लटकली नाही. जवळ आली, चप्पल हुंगली आणि पुन्हा जाऊन बसली.

रडत असताना परत यायचे नाही. गप झाली की यायचे. चपलेचा अंगठा तुटला नसता तर हे मला कधी कळले असते? लोटनला एकदम उत्साह आला. त्याने प्रमिलाला सांगितले, तू तिथून बघ, ती गप असली की हात वर कर, रडली की खाली. मला निंबापलीकडून नीट ऐकू येत नाही. प्रमिलाने मान हलवली आणि चौकट सोडून ओट्यावर आली. सुंदरबाई म्हणाली, "ल्या, आते दोन्ही येडा व्हयनात." पण तिनेही सूप बाजूला ठेवले.

दुपारपर्यंत तो निंबाच्या पलीकडे, मग तेलाच्या घाणीपर्यंत, मग घाणीच्या आत जाऊन दिसेनासा होऊन परत, असा वाढत गेला. घाणीवाल्याने दोनदा पेंड हवी का विचारले आणि तिसऱ्यांदा नुसता बघत राहिला. प्रत्येक खेपेला थोडे दूर. थोडा जास्त वेळ. परत आल्यावर फार लाड करायचे नाहीत, जसे काही झालेच नाही असे बसायचे. सरकीकडे न बघता पाणी प्यायचे. त्याला हे कसे सुचत गेले कोण जाणे. हाताला एखादे काम आधीपासून येत असावे तसे ते येत होते, आणि मधूनच त्याला वाटे, हे मी कुठेतरी पाहिले आहे. कुणीतरी असे येऊन, माझ्याकडे न बघता, माठातले पाणी प्यायले आहे.

ऊन कलते झाले तेव्हा तो ओट्यावर दम खात बसला होता. सरकी पायाशी. प्रमिला पलीकडच्या ओट्यावरून त्या दोघांकडे बघत होती.

"आबा, हाई बरं शे," ती म्हणाली. "थोडं थोडं. माले कोनी आसं शिकाडं नही. सासरले एकदमच धाडं."

सुंदरबाई म्हणाली, "पोरीले काय कोपरापावत धाडीसन परत आनतस का, बाई?"

प्रमिला हसली, पण लोटन हसला नाही.

कोपरापावत जाई येस, आबा.

ते आले ते असे, अंगावर घोंगडी पडावी तसे. अभिमन असे म्हणायचा. ताईबाई गेल्यावर लोटनला घरात एकटे राहवत नसे; अभिमनला जिनातून यायला उशीर झाला की तो कंदील न घेता स्टेशनपर्यंत शोधायला जाई, लोकांना विचारत सुटे, आणि अभिमन सापडला की त्याच्यावरच ओरडे. मग एकदा पोरगा म्हणाला, कोपरापावत जाई येस. गेला आणि आला. मग एकदा नरडाण्याला कुणाच्या तरी लग्नाला गेला, एक रात्र. परत आला, माठातले पाणी प्यायला, आणि माझ्याकडे न बघता विचारले, "आबा, जेवनात का? झोप लागनी का?" मी म्हटले, लागनी. मग एरंडोलकडे पद्मालयाला, भजनाच्या मंडळींबरोबर. मग धुळ्याला आठ दिवस, जिनाचे काही सामान आणायला म्हणून. दर खेपेला थोडे दूर. दर खेपेला, आबा, झोप लागनी का? आणि मला वाटायचे, पोरगा माया करतो.

करतच होता. नव्हता? लोटनने सरकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जसा चुकून दुसऱ्याच्या भांड्याला लागला. माया नसती तर इतके दिवस कशाला लावले असते, सरळ उठून गेला असता. पण मग माया होती तर जायचे कशाला होते? मी आज सकाळपासून ही जी वणवण करतो आहे ती हिच्यावर माया म्हणून की हिला सोडून जाता यावे म्हणून? दोन्ही. दोन्ही म्हणजे काय? तो विचार दोऱ्यासारखा दोन्ही टोकांनी उसवत होता. आणि दही — मी रोज त्याच्या हातावर ठेवत होतो ते दही, ते त्याला काय वाटत असेल? परत ये, परत ये, परत ये, असे रोज सकाळी कुणी आपल्या तळहातावर ठेवले तर... तोंड फिरवलेच असेल त्याने. मला फक्त वाटले, आंबट लागते.

शेवटच्या वेळी मी दही दिले नव्हते.

हे त्याला ठाऊक होते, आजच आठवले असे नाही. पण आजवर ते नुसते पडून होते, कोनाड्यातल्या एखाद्या वस्तूसारखे, आणि आज कुणीतरी ते उचलून त्याच्या हातात दिले. अभिमन म्हणाला होता, धुळाले जाई येस. लोटन ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. धुळे आता त्याच्या अंगवळणी पडले होते. दह्याची आठवणसुद्धा झाली नाही. दोराचे एक टोक पायाच्या अंगठ्यात होते आणि पीळ सुटू नये म्हणून त्याने मानही वर केली नाही, नुसते "हां" म्हटले. सरकी अभिमनच्या मागे गेली आणि थोड्या वेळाने एकटीच परत आली. आली ती आत आली नाही. अंगणात उभी राहिली, कोपऱ्याकडे तोंड करून, कान उभे. बराच वेळ. लोटनने ते पाहिले होते आणि दोर वळत राहिला होता. तिचे कान उभे होते म्हणजे तो कोपऱ्यावर उभा होता. गेला नव्हता. नुसता उभा होता... का?

चार दिवसांनी मगन परत आला, अभिमनबरोबर गेलेला. दारात उभा राहून त्याने सांगितले, "आबा, पलटनना मापमा त्यानी छाती भरनी. मनी नही भरनी." आणि तो रडू लागला, जसे काही पलटणीत न गेल्याचे दुःख मला असायला हवे.

"आबा," प्रमिला म्हणत होती. तिने दोनदा हाक मारली असावी. "एकदाव बाजारपावत जाई या ना. आते रडाव नही ती. बाबा येतीन तवपावत देखी ल्या."

हिलाल दिवेलागणीपर्यंत येणार. बाजारात जाऊन, थांबून, भाजी घेऊन परत. तेवढा वेळ ती गप राहिली तर उद्या जिनात जाता येईल, निदान उद्या. लोटन उठला. पंचा खांद्यावर टाकला. सरकीने डोके वर केले आणि पंच्याकडे पाहिले. तिच्या अंगावर एक लहर आली आणि गेली. त्याने "येतो" म्हटले नाही. ओटा उतरला. निंब. घाणी — घाणीवाल्याने आता मानही वर केली नाही. मग कोपरा, जिथे गल्ली स्टेशनच्या रस्त्याला मिळते आणि घर दिसेनासे होते.

तिथे तो थांबला.

मागे वळून थोडे वाकले की हिलालच्या ओट्याचे टोक दिसत होते. प्रमिलाचा हात वर होता. गप. गप बसली आहे. त्याने पुन्हा कान दिला. काहीच नाही, घाणीचा लाकडी करकर आवाज छातीत जाणवत होता, तेवढाच. आता जिवात जीव यायला हवा होता. सकाळपासून यासाठीच तर पाय झिजवले. पण त्याला वाटले, एकदा... मोठ्याने नको, हिलालच्या घरात ऐकू जाईल असे नको, पण अगदी बारीक, नाकातल्या नाकात एकदा तरी ती... आणि मग वाटले, केलेही असेल. तेवढे बारीक मला ऐकू येणार नाही. तिने केले असेल आणि मी ते ऐकले नाही, की तिने केलेच नाही, हे मला इथे उभे राहून कळायचे कसे?

अभिमन इथेच उभा होता. याच दगडापाशी, इथून पुढे घर दिसत नाही म्हणून. त्याचे कान तर चांगले होते. त्याने काय ऐकले असेल? दोर वळल्याचा आवाज होत नाही. त्याला वाटले असेल, आबा गप आहेत, झाले एकदाचे, आता जाता येईल... की तोही असाच उभा होता, एक हाक यावी म्हणून?

आजवर लोटन हे सारे उंबऱ्याच्या आतल्या बाजूने धरून बसला होता. दारात बसलेला तो, कान लावून बसलेला तो, गेलेला तो दुसरा. गेलेल्याला चालायला रस्ता असतो, पुढे गाडी असते, पुढे मुलूख असतो, त्याला कशाला ऐकायचे असते काही? आणि आता कोपऱ्यावर त्याची पाठ नुसती कान झाली होती. सदऱ्याखालची कातडी, मान, खांद्यावरचा पंचासुद्धा मागे कान लावून होता.

प्रमिलाचा हात अजून वरच होता. मग तिने तो हलवला — जा, जा — जसे कोंबड्यांना हाकलतात तसा.

स्टेशनकडून कुणीतरी गाडी हाकत आला आणि म्हणाला, "काय आबा, येनात का चालनात?"

येत होतो की चाललो होतो, लोटनने खरेच आठवून पाहिले. गाडीवाला उत्तराची वाट न बघता निघून गेला. लोटनने एक पाय पुढे टाकला, बाजाराच्या बाजूला, आणि दुसरा उचलण्याआधी त्याचे ओठ आपले आपणच हलले. तो काय म्हणाला ते त्याला ऐकू आले नाही. तळहाताला मात्र मध्येच दही ठेवल्यासारखे गार लागले, ओले, वाटीभर नव्हे, एका बोटाचे, आणि हात झटकावा की मूठ मिटावी हे न कळून तो तसाच, हात थोडा पुढे धरून चालू लागला.